बागेची किल्ली कोणाकडे?

(सोलापूर येथे सात रस्ता परिसरातील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



संध्याकाळी सात रस्त्यावर घटकाभर उभे राहिले की या शहराचे सगळे थर डोळ्यांसमोरून जातात. विजापूर रस्त्याकडे वळणारी वाहने, स्टेशनाकडे धावणाऱ्या रिक्षा, कचेरी सुटलेले कारकून, शिकवणीहून परतणारी मुले, दिवसभराचा माल खपवून टोपली रिकामी करणाऱ्या बाया. सात रस्ते येथे एकत्र येतात. माणसे मात्र एकत्र येत नाहीत. ती एकमेकांना ओलांडून जातात. एकत्र येण्यासाठी नुसता रस्ता पुरत नाही, थांबण्याची जागा लागते. ज्या जागेत थांबण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, कोणाची परवानगी मागावी लागत नाही आणि कोणी जात विचारत नाही, अशी जागा शहरात फार थोडी असते. वस्तीतील बाग ही तशी जागा. आजचा विषय तिच्या पुनरुज्जीवनाचा आहे.

बाग हा विषय कार्यकर्त्यांना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. रेशन, पाणी, किमान वेतन, घरे यांच्या लढ्यांत ज्यांची हयात गेली, त्यांना झोपाळे आणि फुलझाडे ही मध्यमवर्गाची चैन वाटली तर त्यात नवल नाही. परंतु या समजुतीची एकदा तपासणी झाली पाहिजे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित करून जी लढत दिली, तिच्यामुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. जगभरच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी लढा दिला. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि उरलेले आठ तास स्वतःसाठी, अशी ती मागणी होती. पहिल्या आठ तासांची जागा कारखाना, दुसऱ्या आठांची घर. तिसऱ्या आठ तासांची जागा कोणती, हा प्रश्न मात्र बराचसा अनुत्तरितच राहिला. ज्याच्याकडे अंगण आहे, दिवाणखाना आहे, क्लबाचे सभासदत्व आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. श्रमिकाने झगडून वेळ मिळवला. तो वेळ माणसासारखा घालवण्याची जागा त्याला मिळाली नाही. आता तर तो वेळही काढून घेतला जात आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. वेळ आणि जागा या दोहोंवरील आक्रमण एकाच बाजूने होत आहे, हे यातून ध्यानात यावे.

सोलापुरात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण येथे लाखो माणसांच्या बाबतीत घर आणि कारखाना यांत भिंतच नाही. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरण साठच्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णूसारखी गिरणी नव्वदच्या दशकात गेली. गिरणी म्हणजे शोषण होते हे खरेच. पण गिरणीला भोंगा होता, भोंगा झाला की काम संपत असे. यंत्रमागाच्या धंद्यात असंख्य कामगार राहत्या घराला लागूनच असलेल्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. मागांचा खडखडाट रात्रीही भिंतीपलीकडे चालू असतो. विडी वळणाऱ्या स्त्रीची कहाणी याहून वेगळी नाही. टेंभुर्णीची पाने घरातच भिजवायची, घरातच कातरायची, सूप मांडीवर घेऊन घरातच वळायची. तिची मुले तंबाखूच्या वासातच रांगतात, शिकतात आणि झोपतात. तिच्या दृष्टीने बाग ही चैन नव्हे. कामापासून शरीर दूर नेण्याची ती एकमेव जागा आहे. ज्या शहरात घराचा कारखाना झाला, त्या शहरात बाग हाच गरिबाचा दिवाणखाना असतो.

सोलापूरकरांना हे मुळीच अपरिचित नाही. मोकळ्या जागांशी या शहराचे नाते जुने व जिव्हाळ्याचे आहे. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे सोलापूर एकाच धुळीतून चालते. ‘पार्कवर जाऊन येऊ’ या तीन शब्दांत येथे मैदान, चौक, भेळेची गाडी आणि मित्रांचा कट्टा हे सगळे येते. किल्ल्यालगतच्या बागेला हुतात्म्यांचे नाव आहे. ८ मे १९३० रोजी सोलापुरात जमावावर गोळीबार झाला, त्यात शंकर शिवदारे बळी पडले. चार दिवसांनी लष्करी कायदा पुकारला गेला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. लष्करी कायद्याने प्रथम कशावर घाला घातला? लोकांनी उघड्यावर एकत्र जमण्यावर. चार धर्म-जातींतील त्या चौघांची नावे या शहरात एका दमात घेतली जातात, कारण ते चौघे ज्या चळवळीतून आले ती चळवळ रस्त्यावर आणि मैदानात घडली. एकत्र जमण्याची जागा ही लोकशाहीची पहिली शाळा आहे, हे परकीय सत्तेला नीट समजले होते. स्वकीय सत्तेला ते समजावून सांगावे लागते, एवढाच फरक.

असे असूनही वस्तीवस्तीतल्या बागा का मरतात? त्यांचे मरण एका ठरावीक क्रमाने होते. एखाद्या निधीतून बाग मंजूर होते. सर्वांत आधी जी उगवते ती कोनशिला. मग कारंजे, रंगीत फरशा, व्यायामाची साधने आणि प्रत्येक साधनावर निधी देणाऱ्याचे नाव. उद्घाटन होते. पहिल्या उन्हाळ्यात हिरवळ करपते, कारण पाणी नाही. दुसऱ्या वर्षी कारंज्याचा पंप बंद पडतो आणि हौदात कचरा साठतो. झोपाळ्याची साखळी तुटते. ती दुरुस्त करायला माणूस नाही, म्हणून झोपाळाच काढून नेतात. माळी ठेकेदाराचा, ठेका संपला की माळी गेला. प्रसाधनगृहाला कुलूप लागते, म्हणून बायका येईनाशा होतात. बायका नाहीत म्हणून मुले नाहीत. मग अंधारात बाटल्या फुटू लागतात. त्यावर उपाय म्हणून फाटकालाच कुलूप लावले जाते. आणि काही वर्षांनी नवा निधी येतो, नवी कोनशिला येते, तेच चक्र पुन्हा सुरू होते.

अर्थशास्त्राच्या भाषेत या रोगाचे निदान सोपे आहे. आपल्याकडे भांडवली खर्चाला पैसा मिळतो, महसुली खर्चाला मिळत नाही. फरशी बसवणे म्हणजे विकास. माळ्याचा पगार म्हणजे उधळपट्टी, असा उलटा हिशेब रूढ झाला आहे. फरशीत ठेकेदाराचा नफा असतो, माळ्याच्या पगारात कोणाचाच नसतो, हे त्याचे खरे कारण. सोलापूरचे उदाहरण घ्या. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेसाठी निवडलेल्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचे नाव होते. होम मैदान, पार्क स्टेडियम, रंगभवन चौक अशा ठिकाणी त्या योजनेतून कामे झाली. त्यांतील काही उपयोगी आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी संपली. योजना संपते, देखभाल संपत नाही. दुसरीकडे, महापालिकांचे स्वतःचे उत्पन्न आटत गेले आहे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये मोठ्या प्रमाणावर रद्द झाला, २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि महापालिका भरपाईच्या अनुदानासाठी राज्य सरकारच्या तोंडाकडे पाहू लागल्या. ज्या संस्थेच्या हाती स्वतःचा महसूल नाही, ती माळी नेमणार कशी? म्हणून बागेचा प्रश्न हा सौंदर्याचा नव्हे, तर नगरपालिकीय वित्ताचा आणि सत्तेच्या विकेंद्रीकरणाचा प्रश्न आहे.

याच अडचणीचा लाभ घेऊन एक गोड भाषेतला उपाय पुढे केला जातो. ‘महापालिकेला झेपत नाही ना, मग बाग एखाद्या संस्थेला दत्तक द्या.’ मुंबईने हा प्रयोग पुष्कळ केला. काळजीवाहू म्हणून मैदाने दिली गेली, आणि त्यांतील काही जागी सभासदांचे क्लब उभे राहिले. २०१६ च्या जानेवारीत लोकांच्या संतापामुळे राज्य सरकारला नव्या धोरणास स्थगिती द्यावी लागली आणि दोनशेहून अधिक भूखंड परत घेण्याची भाषा करावी लागली. दत्तक घेणारा प्रत्येक जण वाईट असतो असे नव्हे. पण ज्याच्या पैशावर बाग चालते, त्याच्या मर्जीने तिचे फाटक उघडते. तिकीट लावणे हाही त्याचाच सौम्य प्रकार. पाच-दहा रुपयांचे तिकीट कोणाला जड आहे, असे विचारणारे विसरतात की विडी कामगार स्त्री तीन मुलांना घेऊन रोज येणार असेल, तर महिन्याकाठी ती रक्कम तिच्या मजुरीला भोक पाडील. तिकीट ही गरिबांना वगळण्याची सभ्य रीत आहे.

मग खरा उपाय कोणता? त्यासाठी महाडचे स्मरण करावे लागेल. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. ठराव होता, पण अस्पृश्यांना पाणी भरता येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. आणि म्हणूनच प्रस्थापितांनी हल्ला केला व नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. सार्वजनिक जागा कागदाने सार्वजनिक होत नाही. ज्यांना ती नाकारली गेली, ते तिथे जाऊन बसतात तेव्हा ती सार्वजनिक होते. चवदार तळ्याच्या लढ्याचे मोल फार मोठे, त्याची बरोबरी बागेशी करण्याचा हेतू नाही. परंतु तेथे सिद्ध झालेले तत्त्व येथेही लागू आहे. बागेचे पुनरुज्जीवन म्हणजे तिच्या वापराचे पुनरुज्जीवन. फरशी, रंग, दिवे यांचा क्रम त्यानंतर लागतो.

वापर म्हणजे कोणाचा वापर, हे वेळापत्रकावरून कळते. पुष्कळ बागा सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघड्या असतात. हे वेळापत्रक सकाळी फिरायला जाणाऱ्या पेन्शनरांच्या सोयीचे आहे, आणि त्यांचाही बागेवर हक्क आहेच. पण दुपारी पाळी संपवून आलेल्या यंत्रमाग कामगाराने कोठे बसावे? मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, त्या वेळी पत्र्याच्या घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दुपारी सावलीची सर्वाधिक गरज असते. नेमकी त्याच वेळी सावली कुलपात असते. ज्याला घरी अभ्यासाला कोपरा नाही अशा विद्यार्थ्याला रात्री दहापर्यंत दिवा आणि बाक हवा असतो. बागेची किल्ली कोणाकडे आहे आणि ती कोणत्या तासाला फिरते, या एका प्रश्नात बागेचे सगळे वर्गीय स्वरूप सामावलेले आहे.

झाडांचा आणि पाण्याचा विचारही याच दृष्टीने झाला पाहिजे. सोलापूरचे पाऊसमान वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही येथील गृहिणींनी वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड येणारे पाणी हंड्या-बॅरलांत साठवून संसार केला. अशा शहरात पिण्याच्या पाण्यावर विलायती हिरवळ पोसणे हा अन्याय आहे. हिरवळीवर बसू देत नाहीत आणि तिची सावलीही पडत नाही. याउलट कडुनिंब, वड, पिंपळ, करंज, चिंच ही या मातीतली झाडे पहिली दोन-तीन वर्षे जगवली की पुढे फारसे मागत नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या छाया देतात. त्यांना शुद्ध केलेले सांडपाणी चालते. झाड लावण्याचा समारंभ तासाभराचा असतो. ते जगवण्याचे काम तीन उन्हाळ्यांचे. कार्यकर्त्याची परीक्षा दुसऱ्या कामात आहे. मुंबईत माहीमला कचऱ्याच्या डेपोवर ३७ एकरांत झाडे वाढवून १९९४ मध्ये महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. कचऱ्याच्या ढिगावर जंगल उभे राहू शकते, तर वस्तीतल्या एका एकरावर सावली का उभी राहू नये?

‘जागाच कोठे आहे?’ असा प्रश्न येईल. थोडा हिशेब करू. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख. माणशी १० चौरस मीटर धरले तर सुमारे साडेनऊ चौरस किलोमीटर जागा लागेल. १९९२ च्या हद्दवाढीनंतर शहराचे क्षेत्रफळ सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. म्हणजे शंभरातली पाच-साडेपाच. जनगणनेनंतर वस्ती वाढली हे लक्षात घेऊन हा आकडा थोडा चढवला, तरी तो अशक्य कोटीतला नाही. जमीन आहे, प्रश्न ती कोणासाठी राखायची याचा आहे. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले ते आठवावे. १९९१ च्या नियमाने त्या जमिनींचा मोठा वाटा मोकळ्या जागा आणि सार्वजनिक घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ मध्ये नियम बदलला, मोजणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. शब्दांच्या एका फेरफाराने गिरणगावातील मुलांच्या पायाखालचे मैदान गेले.

म्हणून विकास आराखडा वाचणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे, आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण गळून पडते. नोटिशीकडे दुर्लक्ष करणे हा बाग गिळंकृत करण्याचा सर्वांत बिनबोभाट मार्ग आहे. त्यात कोणाला कुदळ मारावी लागत नाही. मात्र जागरूक नागरिक असतील तर न्यायालयही साथ देते. बंगलोरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तेथील रहिवासी लढले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. रुग्णालयदेखील बागेच्या जागेवर नको, हे त्या निर्णयाचे मर्म.

बाग खुली ठेवली की मवाली आणि दारुडे बसतात, हा आक्षेप नेहमीचा आहे. तो खोटा नाही. पण त्यात कार्यकारणाची उलटापालट आहे. मवाली आल्यामुळे बाग ओस पडत नाही, ओस पडल्यामुळे मवाली येतात. जेथे बायका गप्पा मारत बसल्या आहेत, मुले खेळत आहेत, फाटकापाशी भेळवाला आणि चहाची गाडी आहे, दिवा लागलेला आहे, तेथे बाटली काढण्याचे धाडस सहसा होत नाही. फेरीवाल्याला सुशोभीकरणाच्या नावाखाली हाकलणारे हे विसरतात की पहाऱ्याचे निम्मे काम तो फुकट करत असतो.

आता कृतीचा विचार. डॉ. राममनोहर लोहिया यांनी समाजवादी कार्यकर्त्यापुढे तीन प्रतीके ठेवली होती: फावडे, मत आणि तुरुंग. विधायक काम, निवडणूक आणि संघर्ष, असा त्याचा अर्थ. बागेच्या कामाला ही तिन्ही लागतात.

फावडे प्रथम. एखादी पडीक बाग निवडावी. ठेकेदार येण्याची वाट न पाहता आठवडाभर तासातासाला तेथे कोण येते, कोण येत नाही आणि का येत नाही, याची नोंद करावी. शेजारच्या गल्ल्यांतील बायकांना आधी विचारावे. कचरा काढावा, आळी करावी, झाडे वाटून घ्यावीत. राष्ट्र सेवा दलाची शाखा १९४१ पासून मैदानातच वाढली. तिला छप्पर कधी लागले नाही. मुलांचे खेळ, गाणी, वाचन यांचा रोजचा एक तास तेथे सुरू झाला तर निम्मी बाग जिवंत झाली असे समजावे. मात्र एक मर्यादा पाळली पाहिजे. श्रमदान हे माळ्याच्या नोकरीचा पर्याय होता कामा नये. कार्यकर्त्यांच्या घामाचा उपयोग करून महापालिकेने एक पगार वाचवला, तर ते समाजवादी कार्य नव्हे. श्रमदानाने बाग उघडावी; ती चालवायला नियमित वेतनावरचा माळी आणि पहारेकरी हवा, आणि त्याच्या वेतनाची तरतूद अंदाजपत्रकात हवी.

येथे मताचा संबंध येतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ मध्ये घटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने आणि क्रीडांगणे हा नगरपालिकीय विषय म्हणून स्पष्ट नमूद आहे. प्रभाग समित्यांची तरतूदही तिच्यातच आहे. क्षेत्रसभांचा कायदा महाराष्ट्राने २००९ मध्ये केला. त्या सभा मात्र बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिल्या. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपल्यावर सोलापूरची महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात एखाद्या गल्लीने आपल्या बागेबद्दल विचारायचे तरी कोणाला? म्हणून मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला वस्तीने तीन साधे प्रश्न विचारावेत: माळ्याचा पगार कोठून देणार? बाग किती तास उघडी राहणार? बागेच्या समितीत विडी कामगार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया किती असणार? कोनशिलेचे आश्वासन देणारे पुष्कळ भेटतील. या तीन प्रश्नांना उत्तर देणारा भेटला तर त्याचा पक्षही विचारू नये.

आणि एवढे करूनही फाटकाला कुलूप राहिले, आरक्षण उठवले गेले, किंवा बाग कोणाच्या घशात जाऊ लागली, तर तिसरा मार्ग आहेच. मुलाबाळांसह जाऊन बागेत बसणे हा काही गुन्हा नव्हे. आणि तो गुन्हा ठरवला गेला तर सोलापूरला तुरुंगाची भीती नवी नाही.

काम लहान आहे, हे खरे. एका बागेने समाज बदलत नाही. परंतु ज्या बाकावर पेन्शनर, विडी वळणारी स्त्री, रिक्षावाला आणि अभ्यास करणारा मुलगा शेजारी शेजारी बसतात, त्या बाकावर समतेचा निदान सराव तरी होतो. सात रस्त्यांवरून येणारी माणसे जेथे थांबतील अशी एक जागा या परिसरात पुढच्या उन्हाळ्यापूर्वी सावलीची व्हावी, आणि तिची किल्ली वस्तीच्या हाती यावी, एवढा संकल्प या सभेतून निघाला तरी ही संध्याकाळ सार्थकी लागली असे म्हणता येईल.